‘सगळ्यांना मान्य ना?’ : बडोद्यातल्या एका पुस्तक-टंकन गटाचं प्रकरण

हे प्रकरण बडोद्यातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वाचनालयाचं नाव, पुस्तकांची नावं आणि काही तपशील गाळले किंवा बदलले आहेत. मी या गटाचा सभासद नाही. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी बोलावलं म्हणून काही बैठकांना बसलो, राहिलेल्यांशी बोललो आणि सोडून गेलेल्यांपैकी जे बोलायला तयार झाले त्यांच्याशीही बोललो. स्वयंसेवी गटात निर्णय कसे होतात आणि नवी माणसं का टिकत नाहीत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं आपण धरून चालतो. इथे ते एकच निघाले, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

बडोद्यात मराठी पुस्तकांना कधी तोटा नव्हता. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण लागू केलं. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून गावोगावी वाचनालयं आणि फिरत्या पुस्तकपेट्या सुरू केल्या. श्री सयाजी साहित्यमालेसारख्या मालांतून मराठी आणि गुजराती दोन्ही भाषांत पुस्तकं निघाली. त्या काळातली कितीतरी पुस्तकं आजही जुन्या वस्तीतल्या खासगी वाचनालयांत आणि घरांच्या माळ्यांवर पडून आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा अशाच एका वाचनालयाच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं फुगली, काहींची पानं एकमेकांना चिकटली. दिवाळीनंतर विश्वस्तांनी ठरवलं की जे वाचलंय ते निदान स्कॅन करून ठेवायचं, आणि ज्यांचे हक्क संपलेत ती पुस्तकं टाइप करून सर्वांसाठी खुली करायची. हक्कांचा हिशोब त्यांनी नीट केला होता. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. त्यामुळे १९५९ मध्ये वारलेल्या गो. स. सरदेसायांचं लेखन २०२० पासून मुक्त झालं आणि १९६३ मध्ये वारलेल्या चिं. वि. जोश्यांचं २०२४ पासून. बडोद्याच्या दृष्टीनं ही दोन्ही माणसं घरचीच.

दर रविवारी सकाळी दहाला पहिल्या मजल्यावरच्या खोलीत काम चाले. अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले सचिव, शुद्धलेखनावर हुकमत असलेल्या एक ताई (सगळा गट त्यांना प्रूफताई म्हणायचा), एक निवृत्त शिक्षक आणि ग्रंथपालबाई हे नेहमीचे. बाकी वाचनालयाचे जुने सभासद. संक्रांतीपासून महिनाभरात चार तरुण येऊ लागले. तिघं गुजराती माध्यमात शिकलेले, एक इंग्रजी माध्यमात. घरी चौघंही मराठीच बोलत. बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत आता हेच चित्र आहे: कानाला मराठी पक्की, डोळ्यांना सवय गुजराती लिपीची.

अडचण

काम सुरू झाल्यावर पहिला खरा प्रश्न आला तो लेखनाचा. पुस्तकं १९६२ च्या आधीची. त्यांत ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘पुस्तकें’ असे अनुस्वार आहेत आणि ‘कवि’, ‘रीति’, ‘गुरु’ असे ऱ्हस्वान्त शब्द. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले, आणि आजचं लेखन त्याच १८ नियमांनी चालतं. मग टाइप करताना छापलंय तसं ठेवायचं की आजच्या नियमांत बसवायचं?

जानेवारीतल्या एका बैठकीत हा विषय चहा येता येता निघाला. प्रूफताईंनी आजच्या नियमांची बाजू घेतली. सचिवांनी दुजोरा दिला: ‘‘आजच्या मुलांना वाचता यायला हवं, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी?’’ निवृत्त शिक्षकांनी मान डोलावली. ती होकाराची होती की नुसतं ऐकल्याची, हे कुणी विचारलं नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘‘तर मग नव्या नियमानं करायचं. सगळ्यांना मान्य ना?’’ दोघं-तिघं ‘मान्य, मान्य’ म्हणाले आणि विषय संपला. कुठेही लिहून ठेवलं नाही.

ज्या ‘आजच्या मुलां’च्या नावानं निर्णय झाला त्यांतले तिघं त्याच खोलीत खिडकीजवळ बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

त्या तिघांत सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा एक मुलगा होता. तो मराठी विकिस्रोतावर, म्हणजे हक्क संपलेली पुस्तकं टाइप करून ठेवणाऱ्या खुल्या ऑनलाइन ग्रंथालयावर, काम केलेला. तिथे जुनी पुस्तकं चढवताना मूळ छापील लेखन तसंच ठेवतात. एक जण पान तपासतो, दुसरा ते पुन्हा मूळ स्कॅनशी ताडतो, तेव्हाच पान पूर्ण धरलं जातं. गटाला आपली पुस्तकं शेवटी तिथेच द्यायची होती. म्हणजे नव्या नियमांत बसवलेलं प्रत्येक पान तिथे गेल्यावर पुन्हा मूळ रूपात आणावं लागणार होतं. खोलीत हे फक्त त्याला ठाऊक होतं. पुढे ग्रंथपालबाईंनी त्याला विचारलं, ‘‘अरे, मग बोलला का नाहीस?’’ तो म्हणाला, ‘‘मावशी, मी तर नवीन होतो ना. मला लागलं, तुम्हा लोकांना माहीत असेल.’’

समूहाच्या मानसशास्त्रात याचा चांगला अभ्यास झालेला आहे. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की गट एकत्र बसला की सगळ्यांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतो. एखाद्यालाच माहीत असलेली गोष्ट बहुतेक वेळा चर्चेत येतच नाही, मग ती निर्णय फिरवणारी का असेना. आणि अशी गोष्ट नव्या माणसाकडे असण्याची शक्यता जास्त, कारण तो बाहेरून आलेला असतो.

यानंतर पंधरा-वीस दिवसांनी चौथी नवी सभासद आली. फिजिओथेरपी शिकणारी मुलगी, गुजराती माध्यमातली. तिला कवितासंग्रहाची पानं दिली निवृत्त शिक्षकांनी, आणि सांगितलं, ‘‘पुस्तकात जसं आहे तसं टाइप कर, बेटा.’’ त्यांना स्वतःला अनुस्वार प्रिय होते. जानेवारीतलं ते डोलावणं होकाराचं नव्हतं. तिनं सांगितल्याबरहुकूम टाइप केलं. ‘कवि’, ‘रीति’, ‘गुरु’ हे शब्द गुजरातीतही ऱ्हस्वच लिहितात, त्यामुळे तिचा हात तिथे अडखळलाच नाही. ती पानं प्रूफताईंकडे गेली.

होळीच्या आधीच्या आठवड्यात वॉट्सॲप गटावर तिच्या पानाचा फोटो आला, लाल वर्तुळांनी भरलेला. खाली ओळ: ‘‘ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्यावे. मराठी शिकलेल्या व्यक्तीचे काम वाटत नाही.’’ दोघांनी हात जोडलेली चित्रं टाकली. रात्री मुलगी गटातून बाहेर पडली.

लाल वर्तुळं केलेला प्रत्येक शब्द मूळ पुस्तकात तसाच छापलेला होता. मी ते पान आणि स्कॅन शेजारी ठेवून पाहिलं आहे. मुलीनं केलेल्या चुकाही होत्या, चार-दोन काने-मात्रे गळलेले, पण त्या वर्तुळांतून सुटल्या होत्या.

प्रूफताईंवर सगळं ढकलणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्या जानेवारीत ठरलेल्या नियमानंच तपासत होत्या. शिक्षक आपल्या समजुतीप्रमाणे सांगत होते. मुलगी सांगितलेलं करत होती. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. निर्णय झाला असं मानलं गेलं, प्रत्यक्षात तो झालाच नव्हता. कपाटात तीन पुस्तकं तीन तऱ्हांनी टाइप होत होती: प्रवासवर्णन नव्या नियमांनी, कवितासंग्रह जुन्या रूपात, आणि शेतीवरची पुस्तिका ज्याला जसं सुचेल तशी.

पुढच्या काही रविवारी आणखी दोघं यायचे थांबले. कुणी भांडलं नाही, कुणी निरोप दिला नाही. ‘परीक्षा असेल’ असं गटानं मानलं. इंग्रजी विकिपीडियावर २००७ नंतर सक्रिय संपादक घटू लागले, तेव्हा अभ्यासकांना हेच दिसलं होतं: भल्या हेतूनं आलेल्या नव्या लोकांचं काम पूर्वीपेक्षा जास्त प्रमाणात उलटवलं जात होतं आणि ते लोक पुन्हा फिरकत नव्हते. तिथे निदान नोंदी असतात म्हणून कळलं. रविवारच्या खोलीत रिकामी खुर्ची तेवढी दिसते, आणि तिचं कारण कुणीही आपल्या सोयीनं लावून घेतो.

पहिला निर्णय: थांबायचं की चालू ठेवायचं

ग्रंथपालबाईंनी मार्चअखेर सांगितलं की लेखनाचं पक्कं ठरेपर्यंत टाइप करणं थांबवू. सचिवांना ते पटलं नाही. पावसाळ्याच्या आत जमेल तेवढं उरकायचं होतं, आणि गट एकदा थांबला की पुन्हा उभा राहत नाही हा त्यांचा जुन्या संस्थांमधला अनुभव. तो खोटा नाही.

यातून निघालेला मार्ग मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वाद ज्याच्याशी निगडित आहे तेवढंच थांबवायचं. स्कॅनिंगला शुद्धलेखन लागत नाही, पुस्तकं वाळवून पानं सोडवायला लागत नाही, हक्क तपासायलाही नाही. ती कामं चालू राहिली. टाइपिंग थांबलं. त्यामुळे रविवार मोडला नाही आणि चर्चेला उसंत मिळाली.

पर्याय

अध्यक्षांनी ठरवून टाकावं, हा पहिला पर्याय. विश्वस्त संस्थेच्या घटनेत त्यांना तो अधिकार होता. पण फुकट काम करणाऱ्या माणसाला हुकूम देता येतो, ते पाळायला लावता येत नाही. शिक्षकांनी आधीच ते दाखवून दिलं होतं.

मतदान. जुने सभासद जास्त, नव्यांतला उरला एकच. निकाल मोजण्याआधीच ठाऊक. शिवाय हरलेल्यांनाच पुढे टाइप करत बसायचं होतं.

काम करणाऱ्यांनी ठरवावं, असं विकिस्रोतवाल्या मुलानं सुचवलं. यात तथ्य आहे, पण पुस्तकं संस्थेची आणि नाव संस्थेचं, तेव्हा ते पूर्णपणे सोडून देणं विश्वस्तांना शक्य नव्हतं.

एकमत. इथे चर्चा बरीच रंगली, कारण अध्यक्षांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाचं उदाहरण काढलं. धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली, आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून दाखवणारंही हेच गाव. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. अध्यक्षांचं म्हणणं, तसंच करू.

मेंढ्याचं नाव घेणारे बरेच जण तिथली दुसरी अर्धी गोष्ट विसरतात. तिथे ग्रामसभेबरोबर अभ्यास गट असतो. अभ्यास गटात बाहेरचे लोकही बसतात, माहिती गोळा होते, वाद होतात, पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभाच करते. माहिती काढणं आणि ठरवणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यामुळे अभ्यास करताना कुणाला जिंकायचं नसतं. मला वाटतं, सहमती जमते ती यामुळे. शिवाय गावात राहणाऱ्याला गाव सोडून जाता येत नाही. जमवून घ्यावंच लागतं. रविवारच्या गटात न पटणारा माणूस पुढच्या रविवारी येत नाही, एवढंच. अशा ठिकाणी पूर्ण एकमताचा आग्रह धरला तर सर्वांत हट्टी माणसाच्या हातात लगाम जातो आणि सर्वांत भिडस्त माणूस निघून जातो.

शेवटचा पर्याय ग्रंथपालबाईंनी मांडला. नेदरलँड्समधल्या गेरार्ड एंडेनबर्ग या इंजिनीअरनं १९७० च्या दशकात आपल्या विजेच्या उपकरणांच्या कंपनीत ही रीत बसवली होती. ‘मान्य आहे का’ असं विचारायचं नाही. ‘यात तुम्हाला कामाचं काही नुकसान दिसतं का, आणि कोणतं’ असं विचारायचं. नुकसान दाखवलं तर प्रस्ताव दुरुस्त करायचा. नुसतं ‘मला आवडत नाही’ एवढ्यानं प्रस्ताव अडत नाही. ‘मान्य ना?’ या प्रश्नाला गप्प राहूनही उत्तर देता येतं; ‘नुकसान कोणतं?’ याला तोंड उघडावं लागतं.

गटानं शेवटच्या दोन्हींतलं थोडं थोडं घेतलं: आधी मेंढ्यासारखी अभ्यास बैठक, मग आक्षेप विचारणारी निर्णय बैठक.

काय केलं

अभ्यास बैठकीत निर्णय घ्यायला बंदी होती. सचिव एकदा ‘मग असं करूया’ म्हणाले तर शिक्षकांनी त्यांना हसत थांबवलं. तिघांनी तीन गोष्टी शोधून आणल्या: महामंडळाचे नियम नेमके काय म्हणतात, विकिस्रोताची रीत, आणि वाचणाऱ्याला काय जड जातं. तिसऱ्यासाठी एकच उतारा दोन्ही रूपांत छापून जवळच्या वाड्यातल्या कॉलेजच्या मुलांना वाचायला दिला. अनुस्वारांनी त्यांना फारसं अडवलं नाही. जोडाक्षरांनी आणि ‘तद्वत्’, ‘किंबहुना’ अशा शब्दांनी अडवलं. म्हणजे जानेवारीतल्या निर्णयाचं मूळ कारणच उभं राहत नव्हतं. ही मुलं तेव्हाही विचारायला जवळच होती.

निर्णय बैठक अक्षय्यतृतीयेच्या सुमारास झाली. प्रस्ताव आठवडाभर आधी एका पानावर लिहून दारापाशी लावला होता: छापलंय तसंच टाइप करायचं. सगळे गोलात बसले. सर्वांत नवा आधी बोलेल, अध्यक्ष सर्वांत शेवटी, आणि फेरी पुरी होईपर्यंत कुणी कुणाला उत्तर देणार नाही, असं ठरलं होतं.

क्रम का महत्त्वाचा, हे सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांवरून कळतं. समोर उघड दिसणारी रेघांची लांबीसुद्धा माणसं इतरांच्या चुकीच्या उत्तरामागे जाऊन चुकीची सांगत. सरासरी तीनांतल्या एका वेळी. पण गटात एक जण जरी खरं बोलणारा मिळाला तर ही चूक आधीच्या सुमारे चतुर्थांशावर येई. अध्यक्ष आधी बोलले की नव्या माणसाला असा सोबती मिळायची शक्यताच मावळते.

तीन आक्षेप आले. पहिला सचिवांचा, आणि तो चांगला होता: कुणी ‘कवी’ असं शोधलं तर ‘कवि’ सापडणार नाही. यावर पुस्तकाची सूची आणि परिचय आजच्या लेखनात ठेवायचे ठरलं. दुसरा शिक्षकांचा, उघड मुद्रणदोषांबद्दल. ते तसेच ठेवून खाली टीप द्यायची.

तिसरा प्रूफताईंचा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘‘प्रवासवर्णनाची सगळी पानं मी नव्या नियमांनी करून ठेवली आहेत. ती आता फुकट गेली म्हणायची का?’’ आक्षेपाच्या व्याख्येत हे बसत नव्हतं. यात पुस्तकाचं नुकसान नव्हतं, एका माणसाच्या कष्टांचं होतं. ग्रंथपालबाई फेरी पुढे नेऊ शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी विचारलं की या कामाचा उपयोग कुठे होईल. विकिस्रोतवाला मुलगा म्हणाला, ‘‘ताई, ती वाचनप्रत म्हणून राहू द्या. वर लिहूया की लेखन आजच्या नियमांनुसार केलंय. शाळेत देता येईल.’’ ते मान्य झालं. ज्यांच्या तपासणीमुळे नवी माणसं गेली त्यांच्याच श्रमांची बूज एका नव्या मुलानं राखली. कामाची आस्था असलेला कुणीही माणूस, जुना असो वा नवा, दुखावून बाजूला पडू नये, हे त्या खोलीत त्या दिवशी सगळ्यांना समजलेलं दिसत होतं.

निर्णय दसऱ्यापर्यंत, दोन पुस्तकांपुरता. मग फेरविचार. तारीख असल्यामुळे सचिवांनी ताणून धरलं नाही. या वेळी एक दोनशेपानी वही आणली आणि पहिल्या पानावर निर्णय, त्याची कारणं आणि न पटलेल्यांचं म्हणणं लिहिलं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ही वही वाचायला देतात.

नव्यांसाठीची घडी त्यानंतर बसवली. येणाऱ्याबरोबर एक जोडीदार असतो, आणि तो शक्यतो थोड्याच महिन्यांपूर्वी आलेला असतो, कारण आपण कुठे अडलो होतो हे त्याला आठवत असतं. पहिलं काम एका बैठकीत संपणारं हवं. ते त्यांनी फार छान निवडलं: पान वाचून ताडणं. एक ज्येष्ठ स्कॅनमधून मोठ्यानं वाचतात, नवा माणूस टाइप केलेल्या पानावर नजर ठेवतो आणि फरक दिसला की थांबवतो. ज्यांची मराठी कानात पक्की आहे त्यांना पहिल्याच दिवशी आपला उपयोग कळतो, आणि देवनागरी ओळी आपोआप नजरेखालून जातात. भिंतीवर देवनागरी आणि गुजराती अक्षरांचा तक्ता लावला. अ, ख, च, ज, झ, फ, ब यांवर खूण, कारण घोटाळा तिथेच होतो.

चूक दाखवायची ती त्या माणसाला, एकट्याला, आणि वहीतल्या नियमाचा आकडा देऊन. गटावर कुणाच्या पानाचा फोटो टाकायचा नाही.

मत पहिल्या दिवसापासून मांडता येतं. प्रस्ताव अडवणारा आक्षेप मात्र थोडं काम केल्यावरच घेता येतो. ही अट मला रास्त वाटते. पहिल्या रविवारी आलेल्यानं वर्षभराचं काम थांबवावं, हेही बरोबर नव्हे.

काय झालं

दसऱ्यापर्यंत शेतीची पुस्तिका आणि कवितासंग्रह एकसारख्या लेखनात पूर्ण झाले. सुरुवातीला वेग मंदावला, हे सचिवांनी फेरविचारात स्पष्ट सांगितलं. मग दुरुस्त्यांच्या फेऱ्या कमी झाल्यानं तो सावरला. थांबलेल्या दोघांपैकी एक परत आला. पावसाळ्यानंतर आणखी काही नवे आले आणि टिकलेत. विकिस्रोताची जबाबदारी आता त्या मुलाकडे आहे. प्रूफताई नव्यांना एकेकट्यांना शिकवतात, आणि शिकवण्यात त्या खरोखर उत्तम आहेत. लाल पेन आणि वॉट्सॲप यांच्यामुळे ते झाकलं गेलं होतं.

फिजिओथेरपीवाली मुलगी परत आली नाही. ग्रंथपालबाईंनी फोन केला तेव्हा ती सौजन्यानं बोलली, रविवारी आता दुसरं काम असतं म्हणाली.

वेगळं काय करता आलं असतं

त्या मुलीचा अपमान गटावर, सगळ्यांसमोर झाला. पुढे नियम बदलला, प्रूफताईंनी तिला खासगीत निरोप पाठवला, पण गटावर कुणीही लिहिलं नाही की तिची पानं मूळ पुस्तकाशी जुळणारी होती. चारचौघांत झालेलं नुकसान चारचौघांतच भरून काढावं लागतं. ती परत आली असती की नाही, सांगता येत नाही. पण गटात तेव्हा असलेल्या इतर नव्यांनी ते वाचलं असतं, आणि नंतर गेलेल्या दोघांपैकी परत न आलेलाही कदाचित टिकला असता. हा निरोप अजूनही टाकता येईल. मी तो टाकायला सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट वरून फोटो घेणाऱ्या स्कॅनरची. साध्या सपाट स्कॅनरवर जुनी पुस्तकं उलटी दाबावी लागतात आणि बांधणी सुटते, त्यामुळे नवं यंत्र हवं यावर कुणाचं दुमत नव्हतं. तरी त्यासाठीही पूर्ण गोल, पूर्ण फेऱ्या. कोणतं मॉडेल, कुठून, हमी किती. विषय भिजत पडला, पाऊस आला, यंत्र जुलैत आलं, आणि तोवर काही बांधण्या सपाट स्कॅनरवर खिळखिळ्या झाल्या. फेरीची पद्धत नवी नवी असताना गटाला ती सगळीकडे वापरावीशी वाटली. रक्कम ठरवून दोघांवर सोपवायला हवं होतं. बदलता येणारे आणि कमी खर्चाचे निर्णय काम करणाऱ्यानं घ्यावेत आणि वहीत लिहावेत. मागे फिरता येत नाही किंवा सगळ्यांच्या हातांना बांधतात, असेच निर्णय गोलात आणावेत. ही वाटणी आता वहीत लिहिली आहे.

आणि जानेवारी. अध्यक्षांनी ‘मान्य ना?’ विचारलं तेव्हा खिडकीजवळ बसलेल्या तिघांना नावानं विचारलं असतं, तर विकिस्रोताची माहिती त्याच वेळी बाहेर आली असती. त्याला पाच मिनिटंही लागली नसती.

दसऱ्याच्या बैठकीत नव्यांकडून एक प्रस्ताव आला आहे: वाचनालयाची सूची गुजराती लिपीतही करावी, म्हणजे देवनागरी न वाचणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना आजोबांच्या कपाटात काय आहे ते शोधता येईल. शिक्षकांचा आक्षेप आहे की दोन सूच्या सांभाळणार कोण, आणि देवनागरी शिकायचं कारणच उरणार नाही. विषय अभ्यास बैठकीकडे गेला आहे. त्या बैठकीत गुजराती माध्यमात शिकलेली माणसं निदान निम्मी असावीत, असं मी सचिवांना कळवलं आहे.